क्रमवार ट्विन टर्बोवरील व्हॅक्युम-नळ्या कमी करणे आणि एकच ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ठेवणे

रोटरीप्रेमी यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे १९९३ची माझदा आरएक्स-७ आहे, म्हणजे ज्या पिढीला आपण सगळे एफडी म्हणतो ती. इंजिन मूळचे १३बी-आरईडब्ल्यू हे रोटरी आहे, दोन्ही टर्बो मूळचे आहेत आणि ते आजही क्रमवार पद्धतीनेच, म्हणजे आधी एकटा पहिला आणि मग दोन्ही मिळून, चालतात. इंजेक्टरची सील बदलण्यासाठी मी इनटेक मॅनिफोल्डचा वरचा भाग उतरवला आणि त्याखालचे सोलेनॉइडचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपांचे, आणि त्यांच्या नळ्यांचे जाळे पहिल्यांदाच नीट पाहिले. तीस वर्षे इंजिनाच्या धगीत राहिल्यामुळे बहुतेक रबरी नळ्या सुक्या काटक्यांसारख्या झाल्या आहेत. दोन तर हात लागताच मोडल्या. यात बनावटीचा दोष नाही, रबराचे आयुष्यच संपले आहे. पण आता एवढे उघडलेच आहे, तर त्याच गुंत्यात नव्या नळ्या घालून पुन्हा झाकून टाकण्यापेक्षा तो गुंता कमी करावा असे वाटते.

गाडीचे सध्याचे लक्षण असे आहे. पहिला टर्बो १० पीएसआयपर्यंत बूस्ट, म्हणजे वाढवलेला हवेचा दाब, व्यवस्थित देतो. साधारण ४५०० आरपीएमला दुसरा टर्बो सामील होताना बूस्ट थोडा खाली जाणे अपेक्षितच आहे, परंतु माझ्या गाडीत तो ६ पर्यंत घसरतो आणि लाल रेषेपर्यंत तिथेच राहतो. शिवाय बूस्टमध्ये असताना पाय अचानक उचलला की पंख फडफडल्यासारखा आवाज येतो, जो पूर्वी येत नव्हता.

माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. पहिली, क्रमवार पद्धत कायम ठेवून किती नळ्या आणि सोलेनॉइड निर्धास्तपणे काढता येतील? दुसरी, मूळचा एअर बायपास व्हॉल्व्ह आणि त्याच्यासारखाच दिसणारा चार्ज रिलीफ व्हॉल्व्ह, हे दोन्ही काढून त्यांच्या जागी धातूचा एकच ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर साठलेला दाब सोडणारा) बसवून त्याची हवा बाहेर सोडली तर चालेल का? आणि तिसरी, हे सगळे टाळून दोन्ही टर्बो समांतर, म्हणजे सुरुवातीपासून एकत्र चालणारे, करून टाकणे अधिक शहाणपणाचे ठरेल का? गाडी मुख्यतः रस्त्यावरच चालते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) मूळचे आहेत. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) तेवढा मोकळा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे.

दहाचा पाना यांचे उत्तर

नमस्कार. सुरुवात आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाईल. चार्ज रिलीफ व्हॉल्व्ह हा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह नाही. दोन्ही दिसायला भावंडांसारखे आहेत, दोन्ही हवा परत इनटेकच्या वाटेवर सोडतात, म्हणून हा गैरसमज वारंवार होतो. परंतु एअर बायपास व्हॉल्व्ह आपण पाय उचलतो तेव्हा काम करतो, आणि चार्ज रिलीफ व्हॉल्व्ह आपण पाय दाबून ठेवलेला असतो तेव्हा.

४५०० आरपीएमच्या खाली दुसऱ्या टर्बोकडे जाणारा एक्झॉस्टचा मुख्य मार्ग टर्बो कंट्रोल झडपेने बंद असतो. तो टर्बो एकदम थंड आणि स्थिर अवस्थेतून कामाला जुंपला तर गाडीला जोरदार हिसका बसेल, म्हणून प्री-कंट्रोल झडप आधीच थोडा एक्झॉस्ट त्याच्याकडे वळवते आणि त्याला फिरते ठेवते. आता हा टर्बो फिरतो आहे म्हणजे त्याचा कॉम्प्रेसर हवाही ढकलतो आहे. पण त्याच्या पुढचा चार्ज कंट्रोल व्हॉल्व्ह तर अजून बंद आहे, कारण तो उघडा असता तर पहिल्या टर्बोने भरलेली हवा दुसऱ्यातून उलटी निघून गेली असती. मग या हवेने जायचे कुठे? तिला वाट देणारा जो व्हॉल्व्ह आहे, तोच चार्ज रिलीफ. आपण बसवू पाहत असलेला एकच ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह चार्ज कंट्रोल व्हॉल्व्हच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असणार. बंद दाराच्या अलीकडे काय कोंडले आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. चार्ज रिलीफ बंद करून क्रमवार पद्धत चालू ठेवली, तर दुसरा टर्बो प्रत्येक वेळी सांध्याच्या, म्हणजे तो सामील होण्याच्या क्षणाच्या, आधी बंद दारावर हवा आपटत राहील, त्याचा कॉम्प्रेसर सर्जमध्ये जाईल, म्हणजे हवा त्यातून उलटी धक्के देईल, आणि तो सगळा भार बेअरिंगवर येईल.

म्हणून नियम सोपा आहे: क्रमवार पद्धत ठेवायची असेल तर चार्ज रिलीफ ठेवावाच लागतो. आपल्याला ‘दोनाचे एक’ करायचे आहे, पण पाय उचलल्यानंतरच्या दाबासाठी मूळ रचनेत एकच व्हॉल्व्ह आहे. दोन्ही टर्बोंची हवा इंटरकूलरच्या आधी एकत्र येत असल्यामुळे त्या एकाने भागते. त्याच्या जागी धातूचा चांगला व्हॉल्व्ह बसवणे हा वेगळा विषय आहे आणि त्याला माझी हरकत नाही.

आता आपल्या गाडीच्या लक्षणाकडे येतो. सांध्याच्या वेळी चार्ज रिलीफ बंद होतो, दुसऱ्या बाजूचा दाब चढतो, टर्बो कंट्रोल झडप पूर्ण उघडते आणि त्यानंतर क्षणभराने चार्ज कंट्रोल व्हॉल्व्ह उघडून दोन्ही प्रवाह एक होतात. हे सगळे नीट जुळले तर बूस्ट १०, मग ८ आणि पुन्हा १० असा दिसतो. पहिला टर्बो १० देतो आहे, याचा अर्थ त्या काळात चार्ज कंट्रोल व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे आणि त्याला बंद ठेवणारा व्हॅक्युमही टिकतो आहे. त्यानंतर ६ वरच अडकणे म्हणजे दुसऱ्या टर्बोची हवा कुठेतरी निसटते आहे किंवा त्याला पुरेसा एक्झॉस्टच मिळत नाही. माझा पहिला संशय न मिटणाऱ्या चार्ज रिलीफवर आहे, दुसरा अर्धवट उघडणाऱ्या टर्बो कंट्रोल झडपेवर. या झडपेचा, तिची उघडझाप करणारा, अॅक्च्युएटर हलवायला एका बाजूने दाब आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्युम असे दोन्ही लागतात, त्यामुळे दोहोंपैकी एक नळी चिरली तरी तो अर्ध्यावर थांबतो. फडफडण्याचा आवाज मात्र वेगळ्या कारणाने येत असावा: एअर बायपासकडे जाणारी मॅनिफोल्डची नळी फुटली असेल तर त्याला पाय उचलल्याचा संदेशच पोहोचत नाही, आणि बंद थ्रॉटलवर आदळलेली हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांमधून मागे येते.

नवीन काही विकत घेण्याआधी हाताने चालवायचा एक व्हॅक्युम पंप घ्या, ज्याने दाबही देता येतो असा मिळाला तर उत्तम. प्रत्येक अॅक्च्युएटरला तो जोडा, दांडा पूर्ण हलतो का पाहा आणि काटा जागेवर टिकतो का, हे मिनिटभर पाहा. काटा घसरत असेल तर आतला पडदा फाटला आहे आणि नव्या नळ्यांनी काहीही साधणार नाही. सोलेनॉइडना १२ व्होल्ट देऊन नुसता टक असा आवाज ऐकून समाधान मानू नका. एका तोंडातून फुंकून हवा खरोखर एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाते का, ते तपासा. टक आवाज करणारे पण आतून चिकटलेले सोलेनॉइड मी पाहिले आहेत.

नळ्या कमी करण्याबद्दल. ज्यांचा टर्बोंशी संबंध नाही अशी काही मंडळी त्या जाळ्यात बसलेली आहेत आणि पहिली काट तिथेच मारावी. थंड इंजिनावर दुय्यम थ्रॉटल बंद ठेवणारी डबल थ्रॉटलची व्यवस्था काढता येते; तिच्यासोबत तिचा सोलेनॉइड आणि अॅक्च्युएटर जातो. इंधनदाब नियंत्रकाच्या वाटेवर गरम इंजिन पुन्हा चालू करताना उपयोगी पडणारा एक सोलेनॉइड आहे, तो वगळून नियंत्रक थेट मॅनिफोल्डला जोडणारे पुष्कळ आहेत. एअर पंप आणि त्याच्या झडपांना मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असेपर्यंत हात लावू नका, कारण त्या हवेची गरज कॅटला असते, आणि धुराच्या तपासणीला सामोऱ्या जाणाऱ्या गाडीवर ते काढणे नियमांतही बसत नाही. जे सोलेनॉइड काढाल त्यांचे विजेचे जोड मोकळे सोडू नका. मूळ ईसीयू त्यांची वाट पाहतो आणि ते सापडले नाहीत तर दोष नोंदवतो. म्हणून नळ्या काढलेला सोलेनॉइड प्लगला तसाच जोडून कडेला बांधून ठेवणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

बाकी जे उरते, म्हणजे टर्बो कंट्रोलचे दोन्ही सोलेनॉइड, चार्ज कंट्रोल, चार्ज रिलीफ, प्री-कंट्रोल, वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप), तसेच व्हॅक्युम आणि दाब साठवणाऱ्या दोन टाक्या व त्यांचे एकदिशा व्हॉल्व्ह, ते सगळे क्रमवार पद्धतीचे अवयव आहेत. बूस्टमध्ये मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम नसतोच, तरी चार्ज कंट्रोल व्हॉल्व्ह बंद राहावा लागतो. त्यासाठीच आधी जमवलेला व्हॅक्युम टाकीत धरून ठेवलेला असतो. ती टाकी अनावश्यक डबा समजून काढून टाकणाऱ्यांना पहिल्या टर्बोचा बूस्ट अचानक का गेला, हे शोधायला बराच काळ लागतो.

मोकळा श्वास यांचे उत्तर

दहाचा पाना यांचे विश्लेषण अचूक आहे, तरीही मी दुसरी बाजू मांडतो, कारण माझी एफडी गेली सहा वर्षे समांतर पद्धतीने चालते आहे आणि मला तिचा पश्चात्ताप नाही.

समांतर करण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला गरिबाघरचा: टर्बो कंट्रोल झडप तारेने कायम उघडी बांधायची, चार्ज कंट्रोल व्हॉल्व्हचा व्हॅक्युम काढून घ्यायचा म्हणजे तो आपोआप उघडा राहतो, आणि चार्ज रिलीफचे तोंड बंद करायचे. इथे ते बंद करणे योग्य आहे, कारण आता कोणत्याही टर्बोच्या पुढे बंद दार नाही. हा प्रकार एका दिवसात होतो आणि एका दिवसात परतही फिरवता येतो. मात्र एक्झॉस्टच्या वाटेतील झडप आणि तिची बैठक तशीच राहत असल्याने प्रवाहाला अडथळा उरतो. दुसरा प्रकार पूर्ण समांतर, ज्यात टर्बो उतरवून त्या झडपा आतून काढून टाकतात. काम मोठे आहे, पण त्यानंतर त्या जाळ्यातून शिल्लक राहते ते वेस्टगेट, इंधनदाब नियंत्रक, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा), ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि ब्रेक बूस्टर यांच्या नळ्या, एवढेच. बॉनेट उघडल्यावर इंजिन दिसते, हे सुख लहान नाही.

किंमत कशात मोजावी लागते, तेही सांगतो. क्रमवार गाडी जिथे २००० ते २५०० आरपीएमला ओढ घेऊ लागते, तिथे माझी गाडी ३०००च्या पुढे जागी होते आणि ३५००च्या आसपास पूर्ण बूस्टला येते. तेराशे घनसेंटिमीटरच्या इंजिनाकडून बूस्टविना फार अपेक्षा ठेवता येत नाही, त्यामुळे गर्दीतून हळूहळू जाताना हा फरक रोज जाणवतो. त्याच्या बदल्यात सांध्याचा धक्का कायमचा गेला. वळणाच्या मध्यावर, मागची चाके पकडीच्या काठावर असताना नेमक्या ४५००ला येणारा तो धक्का मला कधीच आवडला नव्हता.

एक धोका विशेष लक्षात घ्या. आपला डाउनपाइप मोकळा आहे. झडपा काढून एक्झॉस्ट आणखी मोकळा केला की मूळचे लहान वेस्टगेट जास्तीचा एक्झॉस्ट बाहेर सोडायला अपुरे पडते आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपल्या मर्जीविरुद्ध चढत जातो. माझा पहिल्या दिवशी तो थंड हवेत १४च्या पुढे गेला. ईसीयूने इंधन तोडले म्हणून इंजिन वाचले. नंतर वेस्टगेटचे छिद्र मोठे करून घ्यावे लागले. रोटरी इंजिन डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) सहन करत नाही, एका झटक्यात एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटते, म्हणून हे काम पुढे ढकलण्याजोगे समजू नका.

आपल्या गाडीचे दोन्ही टर्बो निरोगी असतील आणि ती मुख्यतः रस्त्यावरच चालत असेल, तर आधी क्रमवार पद्धतच दुरुस्त करून पाहा, असे मीही म्हणेन. माझ्या गाडीतील चार्ज कंट्रोल आणि टर्बो कंट्रोल दोन्हींचे अॅक्च्युएटर गेले होते, म्हणून माझा निर्णय सोपा झाला.

सहा थ्रॉटल यांचे उत्तर

माझी गाडी रोटरी नाही, आरबी२६डीईटीटी आहे, पण हवा बाहेर सोडण्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण या धाग्यावर इतर ट्विन टर्बोवालेही येतील.

हवा बाहेर सोडता येईल की नाही, हे व्हॉल्व्हवर नव्हे, तर ईसीयू हवा कशी मोजतो त्यावर ठरते. एफडीचा ईसीयू मॅनिफोल्डमधील दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून, हवेचा अंदाज घेतो. थ्रॉटलच्या अलीकडची हवा बाहेर गेली तरी त्याच्या हिशेबात फरक पडत नाही. माझ्या गाडीत टर्बोंच्या आधी दोन एअरफ्लो मीटर आहेत. त्यांनी मोजलेली हवा जर मी बाहेर फेकली, तर ईसीयू न पोहोचलेल्या हवेसाठीही इंधन देतो, गिअर बदलताना मिश्रण क्षणभर दाट होते, इंजिन अडखळते आणि मागून काळा फुगारा निघतो. ३००झेडएक्सलाही हेच लागू आहे. अशा गाड्यांत हवा मीटरच्या पुढे, टर्बोच्या आधी परत सोडणेच योग्य.

दोनाचे एक करण्याबद्दलही गाडीगणिक उत्तर बदलते. आरबी२६मध्ये दोन्ही टर्बोंची हवा एकाच इंटरकूलरमधून आणि पुढे एकाच पाइपमधून येते, म्हणून मूळचे दोन लहान व्हॉल्व्ह काढून एक मोठा बसवणे शक्य आहे. ३००झेडएक्समध्ये मात्र प्रत्येक बाजूचा इंटरकूलर वेगळा आणि थ्रॉटलही वेगळे; तिथे एक व्हॉल्व्ह काढला तर त्या बाजूच्या टर्बोला पाय उचलल्यावर सुटकेची वाट उरत नाही. कोणताही व्हॉल्व्ह काढण्याआधी, थ्रॉटल बंद झाल्यावर त्या टर्बोची हवा दुसऱ्या कोणत्या वाटेने जाईल, हे बोटाने पाइपवर माग काढून पाहावे.

रोटरीप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. व्हॅक्युम पंप आणून दोन संध्याकाळी तपासणी केली. चार्ज रिलीफचा पडदा फाटलेला निघाला. पंप कितीही चालवला तरी काटा हलत नाही. टर्बो कंट्रोलचा अॅक्च्युएटर दोन्ही बाजूंनी शाबूत आहे, मात्र त्याच्या दाबाच्या नळीला सोलेनॉइडजवळ लांब चीर होती. एअर बायपास स्वतः ठीक आहे, त्याची मॅनिफोल्डची नळी एका टोकाला सैल होऊन फाटली होती. म्हणजे संशयितांपैकी कोणीच निर्दोष सुटले नाही.

निर्णय असा: क्रमवार पद्धत ठेवतो. डबल थ्रॉटल आणि इंधनदाबाचा तो सोलेनॉइड काढतो, एअर पंप राहू देतो, चार्ज रिलीफ चांगल्या स्थितीतील दुसरा बसवतो, आणि एअर बायपासच्या जागी धातूचा व्हॉल्व्ह घालतो. तीन शंका उरल्या आहेत. सगळीकडे सिलिकॉनच्या नळ्या वापरू का? नव्या व्हॉल्व्हला संदेशाची नळी बूस्ट गेजच्या नळीवर टी (तीन तोंडांचा जोड) घालून देता येईल का, कारण ती जवळ आहे? आणि ऑइल मीटरिंगच्या (इंजिनात मोजून तेल सोडणाऱ्या) नोझलपाशी बारीक नळ्यांचा एक गुच्छ आहे, त्याचा टर्बोंशी काही संबंध दिसत नाही, तर त्याला टोपण लावून टाकू का?

दहाचा पाना

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: मुळीच नाही. त्या बारीक नळ्या तेलाच्या नोझलना टर्बोच्या आधीची, गाळलेली, दाब नसलेली हवा देतात. त्यांना टोपण लावले तर इंजिनाचा व्हॅक्युम नोझलमधून तेल ओढून घेतो आणि तेलाच्या नळ्या रिकाम्या होतात. त्या मॅनिफोल्डला जोडल्या तर बूस्टचा दाब उलट तेलावर येतो. दोन्ही परिस्थितींत सीलला मिळणाऱ्या तेलाचा हिशेब बिघडतो. हा गुच्छ आहे तिथेच, पहिल्या टर्बोच्या इनटेक पाइपला जोडलेला राहू द्या. व्हॅक्युमचे जाळे विंचरताना सर्वाधिक इंजिने याच एका नळीवरून बिघडतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सिलिकॉन उष्णतेला उत्तम टिकते, म्हणून संदेशाच्या नळ्यांसाठी ते योग्य आहे. जिथे पेट्रोलची वाफ किंवा तेल जाते, म्हणजे कॅनिस्टरच्या वाटेवर किंवा क्रँककेसच्या वायुवीजनात, तिथे साधे सिलिकॉन फुगते आणि मऊ पडते. तिथे इंधनासाठीची रबरी नळी वापरा. मूळ जोडांवर सुमारे ४ मिलिमीटर आतील व्यासाची नळी घट्ट बसते. सिलिकॉन धारदार कडेवर पटकन कापले जाते, त्यामुळे बारीक तारेने आवळू नका, आणि बूस्टच्या बाजूच्या प्रत्येक टोकाला छोटी क्लिप लावा. वेस्टगेटची नळी निसटली तर बूस्टला आवर घालणारे काही उरत नाही.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला त्याची स्वतःची नळी मॅनिफोल्डवरून द्या, शक्य तितकी आखूड आणि ६ मिलिमीटरच्या आसपासची. पाय उचलला की त्या नळीतून पुरेशी हवा लगेच ओढली गेली पाहिजे. बारीक नळीवर गेजसोबत टी घातला तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि ज्या फडफडीसाठी हा खटाटोप केला ती परत येते. मॅप सेन्सर आणि इंधनदाब नियंत्रक यांच्या नळ्यांवर तर दुसऱ्या कोणाचाही टी नसावा. स्प्रिंग निवडताना आयडलला व्हॉल्व्ह जेमतेम बंद राहील इतकीच कडक घ्या. हवा बाहेर सोडणार असाल तर हे अधिक महत्त्वाचे, कारण आयडलला उघडा राहणारा व्हॉल्व्ह गाळणी टाळून धूळ आत येऊ देतो. मला स्वतःला तो सुस्कारा आवडत नाही, मी हवा परत इनटेकमध्येच सोडली आहे. पण हा आवडीचा प्रश्न आहे, आणि सहा थ्रॉटल यांनी सांगितल्याप्रमाणे एफडीला त्याने अपाय होत नाही.

एकदिशा व्हॉल्व्ह बसवण्याआधी प्रत्येकातून तोंडाने फुंकून दिशा पाहा. बाणावर विश्वास ठेवू नका, तो पुसट असतो आणि घाईत उलटा वाचला जातो.

रोटरीप्रेमी

गाडी जोडून झाली. फडफड गेली, सांधा इतका हलका झाला की काट्याकडे पाहिले नसते तर कळलेच नसते. पण एक नवे कोडे उभे राहिले आहे: आता बूस्ट कुठेच ७च्या वर जात नाही, ना पहिल्या टर्बोवर, ना दोन्हींवर. सगळे अॅक्च्युएटर पुन्हा तपासले, गळती कुठेही नाही.

दहाचा पाना

जुन्या नळ्या फेकल्यात का? फेकल्या नसतील तर प्री-कंट्रोल आणि वेस्टगेटच्या अॅक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळ्या शोधा आणि बोटांनी दाबत जा; प्रत्येकीत एक पितळी गोळी अडकलेली सापडेल, तिला मधोमध बारीक छिद्र असते. टर्बोकडून येणारा दाब त्या छिद्रातून मोजकाच आत येतो आणि सोलेनॉइड त्यातला काही भाग सोडून देतो, म्हणून अॅक्च्युएटरला खऱ्यापेक्षा कमी बूस्ट दिसतो आणि तो झडप उशिरा उघडतो. गोळ्या नसतील तर दाब इतका मुबलक येतो की सोलेनॉइडने कितीही सोडला तरी अॅक्च्युएटर पूर्ण भरतो आणि गाडी जवळपास निव्वळ स्प्रिंगच्या दाबावर चालते. छिद्राचा आकार मोठा करू नका आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे लहान करू नका, कारण लहान छिद्राने बूस्ट वर जातो. दोन्ही गोळ्या आपापल्या नळीतच परत घाला, अदलाबदल करू नका.

रोटरीप्रेमी

दोन्ही सापडल्या. एक पिशवीतल्या जुन्या नळीत होती, दुसरी मी काडी समजून मोडलेल्या तुकड्यात. बसवल्यानंतर १०, सांध्याला ८, आणि ५०००च्या आधी पुन्हा १०. वरचे मॅनिफोल्ड बंद करताना चौदा नळ्या आणि दोन सोलेनॉइड हातात उरले. त्यांचा फोटो उद्या टाकतो.